निजू न देणारे पाय आणि हृदय

तमिळनाडूत पापनाशम् नावाची दोन गावे सर्वपरिचित आहेत. एक तिरुनेलवेलीकडे, ताम्रपर्णीच्या काठी. दुसरे तंजावर जिल्ह्यात, तंजावर आणि कुंभकोणम् यांच्या दरम्यानच्या लोहमार्गावर, कावेरीच्या शाखांनी भिजलेल्या भातखाचरांत. या दुसऱ्या पापनाशम्‌च्या तालुक्यात मेलट्टूर हे गाव आहे. तेथे नरसिंह जयंतीच्या सुमारास भागवत मेळा भरतो. मंदिरासमोरचे हे नृत्यनाट्य रात्री उशिरा सुरू होते आणि उजाडेपर्यंत चालते. नायक राजांनी आणि पुढे तंजावरच्या भोसल्यांनी या परंपरेला आश्रय दिला. मराठी कीर्तनही याच भोसल्यांच्या राज्यात रुजले आणि तेथे त्याला हरिकथेचे रूप आले. रात्रभर एका जागी बसून कथा ऐकणे ही या प्रदेशाची जुनी सवय आहे. अशा प्रत्येक सभेत काही माणसे मागच्या खांबाला टेकून उभी असतात आणि अधूनमधून चार पावले टाकून परत येतात. त्यांच्यापैकी काहींचे मन कथेत पूर्ण रमलेले असते. बसू देत नाहीत ते पाय.

पायांच्या या विकाराला वैद्यकात 'रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम' असे नाव आहे. मराठीत त्याला अस्वस्थपाद विकार म्हणता येईल. घरात मात्र कोणी असे नाव घेत नाही. "पाय वळवळतात", "पोटऱ्यांत काहीतरी सरपटतं", "पायांना चैन नाही", "पाय ओढतात, जरा चेपून दे" अशा शब्दांत तक्रार येते. कावेरीकाठी ती 'काल् कुडैच्चल्' म्हणून सांगितली जाते. तक्रार बहुधा रात्री, अंथरुणावर पडल्यावर सुरू होते. सकाळी पाय पूर्ववत असतात, त्यामुळे दवाखान्यात जाण्याचे कारण उरत नाही. पायावर सूज नाही, लाली नाही, जखम नाही. डॉक्टरांनी हात लावून पाहावे असे काहीच दिसत नाही. या विकाराचे निदान सर्वस्वी रुग्णाच्या सांगण्यावर उभे आहे, आणि म्हणूनच तो इतकी वर्षे दुर्लक्षित राहिला.

निदानासाठी पाच गोष्टी एकत्र असाव्या लागतात. पाय हलवण्याची अनावर ऊर्मी येते, आणि तिच्यासोबत बहुधा पायाच्या आतून विचित्र संवेदना जाणवते. बसल्यावर किंवा आडवे झाल्यावर ती सुरू होते किंवा वाढते. चालल्यावर, पाय ताणल्यावर ती पूर्णतः वा अंशतः शमते, निदान हालचाल चालू असेपर्यंत तरी. संध्याकाळी आणि रात्री ती दिवसापेक्षा तीव्र असते. आणि पाचवी गोष्ट म्हणजे दुसऱ्या कोणत्याही आजाराने या सगळ्याचा उलगडा होत नसतो. पहिल्या चार अटी 1995 साली आंतरराष्ट्रीय अभ्यासगटाने मांडल्या आणि नंतर त्या अधिक काटेकोर करण्यात आल्या. पाचवी अट पुढे स्पष्टपणे जोडली गेली, कारण पायाच्या अनेक तक्रारी वरवर सारख्याच दिसतात.

त्यांतला भेद नीट समजून घेणे आवश्यक आहे. पायात गोळा येतो तेव्हा स्नायू प्रत्यक्ष आखडतो, हाताला दगडासारखा लागतो आणि तीव्र वेदना होते. अस्वस्थपाद विकारात स्नायू मऊ असतो. मधुमेहात नसा दुखावल्यामुळे तळव्यांना मुंग्या येतात किंवा आग होते, पण चालल्याने ती थांबत नाही. शिरा फुगल्या असतील तर दिवसभर उभे राहिल्याने पाय जड होतात आणि उंचावर ठेवले की बरे वाटते. मनोविकारांवरील काही औषधांमुळे सगळे शरीरच स्वस्थ बसू देत नाही. त्या अस्वस्थतेला रात्रीचे बंधन नसते. बसल्या बसल्या पाय हलवणाऱ्या मुलाला घरची वडीलधारी माणसे दटावतात, ती तर निव्वळ सवय असते. तो पाय थांबवला तरी मुलाला काही त्रास होत नाही.

सर्वांत महत्त्वाचा भेद पायाच्या धमन्या अरुंद झाल्यामुळे येणाऱ्या दुखण्याशी आहे. त्या आजारात माणूस थोडे अंतर चालला की पोटरी भरून येते आणि थांबले की दुखणे ओसरते. अस्वस्थपाद विकारात नेमके उलटे घडते: थांबले की त्रास होतो आणि चालले की आराम पडतो. हा फरक केवळ शास्त्रीय काटेकोरपणापुरता नाही. पायाची धमनी अरुंद झालेल्या माणसाच्या हृदयाच्या धमन्याही बहुधा निरोगी नसतात. त्याची तपासणी ताबडतोब व्हायला हवी आणि तिला "रात्री पाय दुखतात" या सरसकट वाक्याखाली हरवू देता कामा नये.

प्रकारांचे वर्गीकरण दोन दृष्टींनी केले जाते. कारणानुसार पाहता विकार प्राथमिक किंवा दुय्यम असतो. प्राथमिक प्रकारात उघड कारण सापडत नाही, पण आई, मावशी, भाऊ अशा नात्यात तो आढळतो आणि बहुधा 45 वर्षांच्या आत सुरू होतो. दुय्यम प्रकार लोहाची कमतरता, मूत्रपिंड निकामी होणे, गरोदरपण किंवा विशिष्ट औषधे यांच्या पाठोपाठ येतो. तीव्रतेनुसार पाहता काहींना तो वर्षातून काही दिवस छळतो, तर काहींना रोज. युरोप आणि उत्तर अमेरिकेत प्रौढांपैकी शेकडा 5 ते 10 जणांना तो कमीअधिक प्रमाणात असतो, आणि स्त्रियांमध्ये पुरुषांच्या सुमारे दुप्पट. भारतातील आकडे वेगळे आहेत. बंगळूरच्या नागरी वस्तीत झालेल्या आणि 2007 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हे प्रमाण 2.1 टक्के आढळले. 2017 साली हिमालयाच्या पायथ्याकडील प्रदेशातून आलेला अभ्यास अधिक विचार करायला लावणारा आहे. तेथे कमी उंचीवरील गावांत प्रमाण 2.5 टक्के होते आणि अधिक उंचीवरील गावांत 9.4 टक्के. प्राणवायू विरळ असला की शरीरातील लोहाचा हिशेब बदलतो, आणि पुढे दिसेल की या विकाराची पाळेमुळे लोहातच आहेत.

या विकाराच्या ज्ञानाचा इतिहास जुना आहे, पण तुटक. चरकसंहितेतील ऐंशी वातविकारांच्या गणनेत पादसुप्तता, पिंडिकोद्वेष्टन आणि अस्वप्न ही नावे येतात. पाय बधिर होणे, पोटऱ्या वळणे आणि झोप न येणे असे त्यांचे अर्थ होतात. तिन्ही गोष्टी या विकाराच्या आसपासच्या आहेत, तरी त्यांपैकी एकीला तोच विकार म्हणणे धाडसाचे ठरेल. पहिले निःसंदिग्ध वर्णन इंग्लंडमधील वैद्य थॉमस विलिस यांनी 1672 साली लॅटिन ग्रंथात केले आणि 1685 साली ते इंग्रजीत आले. मेंदूच्या तळाशी धमन्यांचे जे वर्तुळ असते ते याच विलिस यांच्या नावाने ओळखले जाते. अंथरुणावर पडताच काही रुग्णांचे हातपाय उसळू लागतात आणि त्यांना झोप लागणे अशक्य होते, हे त्यांनी नोंदवले. एकोणिसाव्या शतकात जर्मन वैद्य टेओडोर विटमाक यांनी 1861 साली त्याला नडग्यांची चिंता या अर्थाचे लॅटिन नाव दिले आणि त्याचे मूळ मनोदौर्बल्यात असल्याचे ठरवले. त्यानंतर बराच काळ रुग्णांना, विशेषतः स्त्रियांना, हेच उत्तर मिळत राहिले. स्वीडनचे मज्जातंतुतज्ज्ञ कार्ल-आक्सेल एकबोम यांनी 1944 आणि 1945 साली अनेक रुग्णांचे बारकाईने वर्णन करून विकाराला शारीरिक आजार म्हणून स्थान मिळवून दिले. 'रेस्टलेस लेग्ज' हे नावही त्यांचेच. आज त्याला विलिस-एकबोम आजार असेही म्हणतात.

तंजावरच्या संदर्भात येथे एका संस्थेची आठवण करणे उचित ठरेल. सरफोजी दुसरे यांनी 1798 ते 1832 या आपल्या कारकिर्दीत धन्वंतरी महाल उभारला. तेथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य वैद्यक या सर्वांचा विचार होत असे. नेत्ररुग्णांच्या नोंदी तेथे रंगीत चित्रांसह ठेवल्या जात, आणि त्यांतील काही आजही सरस्वती महाल ग्रंथालयात जपलेल्या आहेत. डोळ्याचा रोग चित्रात उतरतो; पायाच्या या विकाराचे चित्र काढता येत नाही. त्यासाठी रुग्णाचे वाक्यच लिहून घ्यावे लागते: कधी सुरू होते, काय केल्याने थांबते, आईला असे होत होते का. एकबोम यांनी नेमके हेच केले. रुग्णनोंद ठेवण्याची जी शिस्त सरफोजींच्या संस्थेत नेत्रविकारांसाठी होती, ती या विकाराला जगात कुठेही मिळायला आणखी शंभरहून अधिक वर्षे लागली.

आता लोहाकडे. स्वीडनमध्येच नोर्डलँडर यांनी 1953 साली अशा रुग्णांना शिरेतून लोह दिले आणि बहुतेकांना आराम पडल्याचे नोंदवले. पुढे हे सूत्र काही दशके मागे पडले. अमेरिकेतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी ते पुन्हा हाती घेतले. पाठीच्या कण्यातील द्रवाची तपासणी आणि चुंबकीय प्रतिमा यांतून त्यांनी दाखवले की या रुग्णांच्या मेंदूत, विशेषतः कृष्णद्रव्य या भागात, लोह कमी असते. शरीरात लोह पुरेसे असतानाही मेंदूत ते कमी असू शकते, हा त्यातला महत्त्वाचा शोध. मेंदूत डोपामिन हे संदेशवाहक रसायन तयार करणाऱ्या विकराला लोहाची गरज असते. लोह कमी पडले की डोपामिनचे दैनंदिन चक्र बिघडते. मेंदूतील लोह आणि डोपामिनचे कार्य रात्री दिवसापेक्षा मंदावते, आणि विकार रात्रीच का उफाळतो याचे स्पष्टीकरण त्यात मिळते. हे लोह शरीराला मिळते ते आहारातून.

पापनाशम्‌ला लागूनच तिरुप्पालैत्तुरै येथे पालैवननाथर् मंदिर आहे. त्याच्या आवारात विटांचे एक प्रचंड धान्यकोठार उभे आहे. रघुनाथ नायकाच्या राज्यकाळात, 1600 ते 1634 या दरम्यान, ते बांधले गेले आणि त्यात जुन्या मापाने 3,000 कलम भात मावत असे. राज्याच्या पुरातत्त्व विभागाने ते संरक्षित केले आहे. या प्रदेशाचे सारे वैभव त्या कोठारात मोजता येते, आणि त्याच्या आहाराची मर्यादाही. पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळाच्या 100 ग्रॅममध्ये लोह 1 मिलिग्रॅमहूनही कमी असते, आणि त्यातलेही सर्व शरीरात शोषले जात नाही. 2019 ते 2021 या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तमिळनाडूतील 15 ते 49 वयाच्या 53.4 टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे दिसले. महाराष्ट्रात हे प्रमाण 54.2 टक्के होते. रक्तक्षयाचे कारण प्रत्येक वेळी लोहाची कमतरता नसते, पण सर्वांत मोठे कारण तेच. भाकरी खाणारा मराठवाडा आणि भात खाणारे कावेरीचे खोरे या बाबतीत एकाच नावेत आहेत.

भातामागून येते कॉफी. कुंभकोणम्‌ची डिग्री कॉफी सर्वश्रुत आहे: ताजे दाट दूध, पितळी फिल्टरमध्ये थेंबाथेंबाने उतरलेला अर्क, आणि डबरा-टंबलरमध्ये उंचावरून ओतून आणलेला फेस. जेवणानंतर ती घेण्याची रीत आहे. 1983 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जेवणासोबत घेतलेल्या कॉफीने लोहाचे शोषण 39 टक्क्यांनी आणि चहाने 64 टक्क्यांनी घटल्याचे मोजले गेले. जेवणानंतर तासाभराने घेतलेली कॉफीसुद्धा तेवढाच अडथळा करते, मात्र जेवणापूर्वी तासभर घेतलेली करत नाही, असेही त्यात दिसले. शिवाय कॅफिन मेंदूतील अ‍ॅडेनोसिन या झोप आणणाऱ्या रसायनाचे काम रोखते, आणि लोह कमी असलेल्या मेंदूत अ‍ॅडेनोसिनची व्यवस्था आधीच विस्कटलेली असते. म्हणून या विकाराच्या रुग्णाने संध्याकाळची कॉफी सोडून पाहावी आणि दिवसाची कॉफी जेवणापासून दूर न्यावी, हा सल्ला साधा असला तरी सकारण आहे. कॉफीची गोडी कमी करण्याचा हेतू त्यात नाही; तिची वेळ तेवढी बदलायची. शेवग्याचा पाला, डाळी, तीळ यांच्याबरोबर लिंबू किंवा आवळा घेतल्याने वनस्पतिजन्य लोह अधिक शोषले जाते. शिधावाटपातून मिळणाऱ्या पोषणयुक्त तांदळात प्रतिकिलो 28 ते 42.5 मिलिग्रॅम लोह मिसळण्याचे भारतीय मानक आहे, तेही याच दिशेचे पाऊल.

पायांचा हृदयाशी संबंध काय, हा या लेखाचा मुख्य प्रश्न. तो समजण्यासाठी झोपेच्या प्रयोगशाळेतील एक रात्र जवळून पाहावी लागते. रुग्णाच्या दोन्ही नडग्यांच्या पुढच्या स्नायूंवर विद्युत्‌पट्ट्या चिकटवलेल्या असतात. छातीवर हृदयालेखाच्या आणि डोक्यावर मेंदूलेखाच्या पट्ट्या असतात, आणि नाकाशी श्वासाची नोंद चालू असते. रुग्णाला झोप लागते. थोड्या वेळाने पायाचा अंगठा वर उचलला जातो, घोटा वाकतो, कधी गुडघाही. हालचाल जास्तीत जास्त दहा सेकंद टिकते आणि पाय सैल पडतो. पुन्हा वीस ते चाळीस सेकंदांनी तेच, आणि मग पुन्हा. रुग्णाला याची काहीच खबर नसते. सकाळी तो म्हणतो की झोप लागली होती पण विसावा मिळाला नाही. निद्रेतील आवर्ती पादचलन असे याला म्हणता येईल. अस्वस्थपाद विकाराच्या 80 टक्क्यांहून अधिक रुग्णांत ते आढळते. प्रौढांत तासाला 15 पेक्षा अधिक वेळा ते झाले तर प्रमाणाबाहेर मानतात.

याच नोंदपटावर हृदयालेख वाचला की खरी गोष्ट कळते. पाय हलण्याच्या क्षणी हृदयाचे ठोके जलद होतात. काही ठोके तसे राहतात आणि मग मूळ गतीपेक्षाही मंदावून पूर्ववत होतात. 2007 साली माँट्रिआलच्या संशोधकांनी या रुग्णांचा रक्तदाब रात्रभर ठोक्यागणिक मोजला. प्रत्येक पादचलनाबरोबर वरचा दाब सरासरी 22 आणि खालचा 11 एकक वाढत होता. तासाला वीस वेळा हे घडले आणि झोप सात तासांची असली, तर एका रात्रीत एकशे चाळीस वेळा रक्तदाब उसळतो. निरोगी माणसात रात्री रक्तदाब दिवसापेक्षा 10 ते 20 टक्के उतरतो. हृदय आणि धमन्या यांना चोवीस तासांत मिळणारी खरी विश्रांती तीच. हा उतार ज्यांच्यात पडत नाही त्यांना हृदयविकार आणि पक्षाघात यांचा धोका अधिक असतो, हे स्वतंत्रपणे सिद्ध झालेले आहे.

मात्र पाय हृदयाला धावायला लावतो, असे समजणे बरोबर नाही. बारकाईने मोजले असता मेंदूलेखातील आणि ठोक्यांतील बदल पाय हलण्याच्या किंचित आधीच सुरू झालेला दिसतो. म्हणजे आज्ञा कुठून तरी वरून येते आणि ती पाय व हृदय या दोघांनाही एकाच वेळी मिळते. अनुकंपी चेतासंस्था, म्हणजे संकटात शरीराला सज्ज करणारी यंत्रणा, ठरावीक लयीने उद्दीपित होत राहते. मेंदूच्या तळाकडून मेरुरज्जूत उतरणारे डोपामिनवाही तंतू एरवी तिला आवरतात आणि त्यांचे बळ कमी झाल्याने हे घडते, असे एक मत आहे. माझ्या दृष्टीने या सगळ्या विषयातील सर्वांत मोलाचे निरीक्षण हेच, कारण त्यामुळे पाय आणि हृदय यांच्यातील नाते कार्यकारणाचे न राहता भावंडांचे ठरते.

आता मोठ्या पाहण्यांकडे वळू. अमेरिकेतील निद्रा-हृदय आरोग्य अभ्यासात 3,433 स्त्री-पुरुष होते. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार अस्वस्थपाद विकार असलेल्यांत हृदय-रक्तवाहिन्यांचे आजार असण्याची शक्यता इतरांच्या सुमारे दुप्पट होती. महिन्यात 16 किंवा अधिक वेळा त्रास होणाऱ्यांत हा संबंध सर्वांत ठळक होता. पण ही एका वेळी घेतलेली पाहणी होती. आधी पाय की आधी हृदय, हे तिच्यातून कळत नाही. 2012 साली परिचारिका आरोग्य अभ्यासाने ही उणीव काही अंशी भरून काढली. सुरुवातीला हृदयविकार नसलेल्या 70,977 स्त्रियांचा सुमारे सहा वर्षे मागोवा घेण्यात आला. ज्यांना विकार होऊन तीन वर्षे वा अधिक काळ लोटला होता त्यांच्यात हृदयधमनीविकाराचा धोका 72 टक्के अधिक आढळला. तीन वर्षांहून कमी काळ असलेल्यांत धोक्यात वाढ नव्हती.

त्याच वर्षी दुसरा निष्कर्षही आला आणि तो तितकाच वजनदार आहे. अमेरिकेतील स्त्री आरोग्य अभ्यास आणि चिकित्सक आरोग्य अभ्यास यांत मिळून सुमारे 49,000 जण होते. त्यांच्यात हा विकार आणि पुढे उद्भवणारे हृदयविकार किंवा पक्षाघात यांचा कोणताही संबंध दिसला नाही. असा विरोधाभास का यावा? काही अंशी प्रश्न विचारण्याच्या पद्धतीत फरक होता. काही अंशी उत्तर 2015 साली उत्तर कॅलिफोर्नियातील एका मोठ्या आरोग्यसेवेच्या नोंदींतून मिळाले. तेथे प्राथमिक आणि दुय्यम रुग्ण वेगळे काढण्यात आले. प्राथमिक विकारात केवळ उच्च रक्तदाबाशी नाते दिसले. दुय्यम विकारात मात्र हृदयधमनीविकारासह सर्वच धोके वाढलेले होते. याचा अर्थ असा की हृदयाला धोका देणारी गोष्ट बऱ्याचदा पायांच्या मागे दडलेली असते: निकामी होणारे मूत्रपिंड, मधुमेह, रक्तक्षय. शिवाय अपुऱ्या झोपेमुळे वाढणारे वजन आणि झोपेतील श्वासरोध हेही याच रुग्णांत सापडतात. "पाय वळवळतात म्हणजे हृदय जाणार" ही भीती निराधार आहे, तसेच "पायाचंच तर दुखणं आहे" हे दुर्लक्षही. रुग्ण ही तक्रार घेऊन आला की रक्तदाब मोजावा, रक्तातील फेरिटिन (लोहाच्या साठ्याची खूण), साखर आणि क्रिअ‍ॅटिनिन (मूत्रपिंडाच्या कार्याची खूण) पाहावे, घोरण्याविषयी विचारावे. एवढ्याने हृदयाच्या बाजूचे बहुतेक रक्षण होते.

मूत्रपिंडाचे रुग्ण या दृष्टीने सर्वांत बिकट अवस्थेत असतात. डायलिसिसवर असलेल्यांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्याला हा विकार असतो, आणि डायलिसिस म्हणजे आठवड्यातून दोन-तीन वेळा चार-चार तास यंत्राला जोडून पडून राहणे. पाय हलवू न देणाऱ्या खाटेवर पाय हलवण्याची ऊर्मी येते, तेव्हा काही रुग्ण उपचार अर्ध्यावर सोडण्याचा आग्रह धरतात. अशा वेळी परिचारिकेने त्यांना अधीर किंवा हट्टी समजू नये. गरोदर स्त्रियांत शेवटच्या तिमाहीत दर पाच जणींत जवळजवळ एकीला हा त्रास होतो आणि प्रसूतीनंतर काही आठवड्यांत तो बहुधा नाहीसा होतो. पहिलटकरणीला हे आधी सांगितले तर तिची निम्मी धास्ती कमी होते.

आनुवंशिकतेच्या शोधातूनही हृदय पुन्हा समोर येते. 2007 साली आइसलँड आणि जर्मनीतील दोन गटांनी या विकाराशी निगडित जनुके प्रथम दाखवून दिली. त्यांतील एकाचे नाव एमईआयएस-1. गर्भात हातपाय आणि हृदय घडताना हे जनुक काम करते. 2013 साली उंदरांवरील प्रयोगांत असे दिसले की जन्मानंतर हृदयाच्या स्नायुपेशींचे विभाजन थांबवण्यातही त्याचा हात असतो. पायांच्या विकाराशी संबंधित जनुक हृदयाच्या पेशींची वाढ कधी थांबावी हे ठरवते, याचा रुग्णाच्या उपचाराशी आज थेट संबंध नाही. तरीही शरीराच्या दोन दूरच्या अवयवांची मुळे एकत्र सापडावीत, ही आश्चर्याने थबकायला लावणारी गोष्ट आहे.

उपचारांत आज लोहाला पहिले स्थान आहे. प्रौढ रुग्णात रक्तातील फेरिटिन दर लिटरला 75 मायक्रोग्रॅम किंवा त्याहून कमी असेल तर लोहाच्या गोळ्यांचा विचार करावा, असे 2018 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात सांगितले आहे. गोळ्या चालत नसतील किंवा लवकर परिणाम हवा असेल तर शिरेतून लोह देतात. प्रयोगशाळेच्या अहवालावर 20 किंवा 30 हा आकडा 'सामान्य' म्हणून छापलेला असतो, त्यामुळे बऱ्याच रुग्णांना लोहाची गरज नसल्याचे सांगितले जाते. या विकारात तो आकडा अपुरा मानावा लागतो. हृदयक्षीणतेतही लोहाची हीच कथा आहे. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या 459 रुग्णांच्या चाचणीत शिरेतून दिलेल्या लोहाने हृदयक्षीणतेच्या रुग्णांची चालण्याची क्षमता आणि जीवनमान सुधारले. तेथे फेरिटिन 100 पेक्षा कमी असले तरी लोहाची कमतरता धरतात, मग रक्तक्षय असो वा नसो. मात्र लोह मनाने घेऊ नये. गरज नसताना घेतलेले लोह यकृतात आणि हृदयातही साठते.

रुग्णाने आधी आपली औषधेही तपासून घ्यावीत. सर्दीसाठी घेतलेली गुंगी आणणारी गोळी, उलटीसाठी दिलेले मेटोक्लोप्रमाइड, नैराश्यावरील काही औषधे यांनी हा विकार चाळवतो. कित्येकदा झोप येत नाही म्हणून सर्दीची गोळी घेतली जाते आणि तिच्यामुळेच पाय रात्रभर जागवतात.

औषधोपचाराचा इतिहास हृदयाला स्पर्श करूनच पुढे सरकला आहे. तुर्कस्तानचे वैद्य शेवकेत अकपिनार यांनी 1982 साली पार्किन्सनच्या आजारावरील लेव्होडोपा येथेही उपयोगी पडते हे दाखवले. त्यानंतर डोपामिनसारखे काम करणारी औषधे आली. त्यांपैकी अर्गट या बुरशीपासून निघालेल्या गटातील पर्गोलाइडमुळे काही रुग्णांच्या हृदयाच्या झडपा जाड आणि ताठ होऊ लागल्या, रक्त उलटे गळू लागले. 2007 च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या बाजारातून ते काढून घेण्यात आले. त्याऐवजी रोपिनिरोल आणि प्रामिपेक्झोल ही अर्गट नसलेली औषधे वापरात आली. झडपांचा तो धोका त्यांनी टाळला, पण वर्षानुवर्षे घेतल्यावर बऱ्याच रुग्णांत विकार उलट वाढत जातो असे अनुभवास आले: त्रास रात्रीऐवजी दुपारीच सुरू होतो आणि पायांतून हातांतही पसरतो. म्हणून 2025 च्या अमेरिकी निद्रावैद्यक मार्गदर्शनाने ही औषधे नेहमीसाठी न वापरण्याचा सल्ला दिला आणि गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन व शिरेतून देण्याचे लोह यांना अग्रक्रम दिला. त्याच यादीत, थोड्या खालच्या स्थानावर, डायपिरिडॅमोल आहे. मेंदूत अ‍ॅडेनोसिनचे काम वाढवणारे हे औषध हृदयरोगतज्ज्ञांना फार पूर्वीपासून परिचित आहे, कारण रक्ताच्या गुठळ्या रोखण्यासाठी आणि हृदयधमन्यांच्या तपासणीसाठी ते वापरले जाते.